दोन नंबरची उबदार खोली

१

"मरायचंच होतं, तर चादरी बदलायच्या आधी मरायचं. कोऱ्या करकरीत घातल्या होत्या. आता ह्या घालू कुणाला? सांगितलं तर कुणी झोपणार नाही, आणि नाही सांगितलं तर मला झोप येणार नाही."

भिंतीपलीकडे कुणीतरी कपडा दगडावर आपटत होतं आणि प्रत्येक आपटीला एक वाक्य सोडत होतं. अलीकडे, दोन नंबरच्या खोलीतल्या उघड्या खाटेच्या कडेला, आत्याबाई बसल्या होत्या. मांडीवर भाच्याची बॅग होती. चादरी त्याच्याच होत्या; म्हणजे त्याच्या अंगाखालच्या.

आत्याबाई त्याची सख्खी आत्या. तो त्यांच्याच कार्यालयात नोकरीला लागला, आणि पहिल्याच दिवशी भर बैठकीत "आत्या, पेन आहे का गं?" म्हणाला. त्या दिवसापासून शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या त्या आत्याबाईच झाल्या. खरं पद मोठं होतं, पण ते दारावरच्या पाटीपुरतं उरलं.

कार्यालयाचं काम ऐकून नातेवाईक अजून हसत. परदेशी जाणाऱ्या मालाच्या पोटातला धूर मोजायचा. काचेची बरणी बोटीत बसून समुद्र ओलांडते. ती घडवताना निघालेला धूर मात्र मागेच राहतो, सासरी गेलेल्या लेकीच्या जुन्या कपड्यांसारखा. पूर्वी त्याची विचारपूस कुणी करत नसे. आता माल घेणारे देश विचारू लागले होते, की बरणीमागे धूर किती? ठरल्यापेक्षा जास्त असेल तर बरणी बंदरातूनच परत. "त्यांना बरणी हवी, स्वस्त हवी, आणि कुणी ती तोंडानं फुंकून थंड हवेत बनवलेली हवी," भाचा म्हणायचा. कारखानदार 'आम्ही असं केलं असतं तर' करून धूर कमी दाखवायला लागले, की तो हळूच त्यांच्याकडे बघून म्हणायचा, "आत्याबाईला मिशा असत्या तर."

ह्या बरण्यांच्या कारखान्यात तो पाहणीला आला, पाहुण्यांच्या बंगल्यात झोपला आणि उठला नाही. कोळशाचा वायू, डॉक्टर म्हणाले. खोलीत शेगडी सापडली. बंगल्याची देखभाल करणारी अक्का म्हणाली, मीच ठेवली होती, थंडी होती म्हणून. फौजदारांनी लिहून घेतलं आणि आज येऊन, उद्या सकाळी जीप घेऊन येतो, तयार राहा, असं तिला सांगून गेले.

संचालकांनी आत्याबाईंना एका फेरीत दोन कामं दिली होती: आत्या म्हणून भाच्याचं सामान आणायचं, आणि वरिष्ठ म्हणून त्याचा अर्धवट राहिलेला धुराचा दाखला पुरा करायचा. "नाहीतरी जाताच आहात," असं म्हणाले होते. भावानं, त्या मुलाच्या बापानं, मात्र एकच मागितलं होतं. निघताना त्यांचा दंड धरून उभा राहिला. "बंद खोलीत शेगडी घेऊन झोपेल का गं तो? एवढा मूर्ख होता? तेवढं मला सांग. बाकी काही नको."

आपटण्याचा आवाज थांबला. अक्का ओल्या हातांनी दारात आली आणि खाटेवर कोण बसलंय ते पाहून तिचा चेहरा उतरला.

"ऐकलंत वाटतं."

"भिंत पातळ आहे," आत्याबाई म्हणाल्या.

"माझी जीभच मेली लांब. तसा चांगला होता हो तुमचा भाचा."

"शेगडी कुठं होती?"

अक्कानं कोपऱ्याकडे बोट केलं. "पोलिसांनी नेली. तिथंच होती, खाली. निखाऱ्यांनी भरून ठेवली होती मी. चांगली लाल."

"थेट जमिनीवर?"

"मग काय डोक्यावर?"

अक्का दांडीवर चादरी टाकायला निघून गेली. आत्याबाई उठल्या, कोपऱ्यात गेल्या, गुडघ्यावर बसल्या. खोलीभर प्लास्टिकची गुळगुळीत चटई अंथरलेली होती, गुलाबी फुलांची. गरम चहाचं भांडं ठेवलं तरी सुरकुतेल अशी. शेगडीच्या पायांचे बारीक ठसे धुळीत अजून दिसत होते. त्या ठशांच्या मधोमध फुलं जशीच्या तशी होती. एकाची पाकळीही वाकडी झाली नव्हती.

ती शेगडी ह्या खोलीत कधी पेटलीच नव्हती.

२

मालक गोड माणूस होता. इतका गोड, की शेजारी बसलं तर मुंग्या लागाव्यात.

"तुमचा भाचा तो माझा भाचा," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "त्या अडाणी बाईनं घात केला. बरं, पाहणी आधी करायची की दुःख आवरून? तुम्ही म्हणाल तसं. बोट मात्र कुणासाठी थांबत नाही."

"पाहणी करू," आत्याबाई म्हणाल्या.

विजेची नवी भट्टी इस्पितळातल्या खोलीसारखी होती; पांढरी, गुणगुणणारी, सभोवती टोप्या घातलेली माणसं. तिच्यातून बरण्या निघत होत्या हे खरं. कोपऱ्यात रचलेल्या खोक्यांचा डोंगर पाहून आत्याबाईंच्या मनात आलं, की एवढीशी कोंबडी आणि एवढी अंडी. अंगणात आल्यावर मालकानं वर बोट केलं.

"ती आमची जुनी कोळशाची भट्टी, आणि ती तिची चिमणी. तीन वर्षं झाली बंद करून. बघा ना, तोंडावर कावळा बसलाय."

खरंच बसला होता. उंच विटांच्या चिमणीच्या काठावर, मान आखडून, अंगण आपल्याच बापाचं असल्यासारखा. खाली भट्टीखान्याच्या दाराला हातभर लांबीचं कुलूप. अंगणात गारठा होता, गवतावर दव होतं, आणि बंगल्याकडे जाणाऱ्या उघड्या जमिनीवर सात-आठ मांजरं एकामागोमाग एक पसरली होती, रांगेत उभं राहून कंटाळून झोपी गेल्यासारखी.

"मांजरं बरीच पाळलीत."

"पाळतो कुठं! येतात आपली. गरिबांचं गाव, मांजरंही गरीब."

मुकादम मागून चालत होता. सगळे त्याला भट्टीमामा म्हणत. अक्काचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून अक्कानंच कडेवर वाढवलेला. रुंद, अबोल, पायाच्या अंगठ्याकडे बघत बोलणारा माणूस. त्याच्या चेहऱ्यात काहीतरी कमी होतं आणि काय ते आत्याबाईंना पटकन कळेना. मग कळलं. भुवया नव्हत्या. होत्या तिथं जळक्या केसांची खुरटी राख होती.

त्यांनी त्याला जरा मागे गाठलं.

"मामा, काचेची भट्टी म्हणे विझवता येत नाही?"

"नाही," तो अंगठ्याला म्हणाला. "पेटली ती पेटली. माणसाचा श्वास चालतो तशी चालते. थंड झाली की आत काच गोठते आणि भट्टीच तडकते."

"मग ही कशी विझवली?"

त्याचा अंगठा मातीत रुतला. "विझवली. मालक म्हणाले, विझवली."

"आणि आत गोठली ती काच? केवढा दगड झाला असेल. त्याचं काय केलं?"

"तो... पुरला. नदीकडं."

पुढं कार्यालयात चहा घेताना त्यांनी तोच प्रश्न मालकाला विचारला, साखर मागावी इतक्या सहज.

"तो होय? फोडून विकला," मालक हसून म्हणाला. "आमच्याकडे काही वाया जात नाही."

एक दगड पुरलाही होता आणि विकलाही होता. आत्याबाईंनी चहा संपवला. त्यांच्या अनुभवानं, एका वस्तूची दोन मरणं सांगितली गेली की ती वस्तू बहुधा जिवंत असते.

३

परदेशी व्यवहार वहिनी बघायची. मालकाच्या थोरल्या भावाची बायको, विधवा. तिच्या टेबलावर नमुन्याच्या बरण्या ओळीनं मांडल्या होत्या आणि प्रत्येकीत तिचा चेहरा थोडा वेगळा वाकडा दिसत होता. ती हसली नाही, रडली नाही, दुःख झालं असंही म्हणाली नाही. आत्याबाईंना त्या बाईबद्दल आल्याआल्या थोडं बरं वाटलं ते त्यामुळंच.

"त्याला दोन नंबरची खोली कुणी दिली?"

"मी," वहिनी म्हणाली.

बाकीच्या तिघांना हे विचारलं असतं तर तीन दिवस गेले असते.

"तीच का? बाकी तीन रिकाम्या होत्या."

"तो ठरल्यापेक्षा एक दिवस आधी आला, न सांगता-सवरता. थंडी होती." वहिनीनं एक बरणी उचलून उजेडात धरली. "दोन नंबरची खोली उबदार असते."

"शेगडीनं?"

"तुम्ही मोजणारी माणसं," वहिनी म्हणाली. "तुम्हीच बघा ना."

एक दिवस आधी येण्याचं कारण आत्याबाईंना ठाऊक होतं. निघण्यापूर्वी फोनवर तोच म्हणाला होता, "आत्या, ह्यांच्या चिमणीतून धूर निघत नाही. कबूल. पण निघत नाही म्हणजे गेला कुठं, ते बघायला न सांगता जातो." त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "जा, पण स्वेटर घे."

दुपारी त्या पुन्हा दोन नंबरमध्ये गेल्या. सकाळी दार सताड उघडं होतं. ह्या वेळी त्यांनी ते मुद्दाम लोटून घेतलं. खिडकी उघडायला गेल्या तर उघडेना. तावदानाच्या फटीवरून रंगाचे दोन हात दिलेले, काठ चिकटून एक झालेले. शेजारच्या एक नंबरमध्ये, जिथं त्या स्वतः उतरल्या होत्या, खिडकी अर्ध्या बोटानं उघडत होती. म्हणजे ही खोली काही वर्षं कुणी वापरत नव्हतं. ती उघडली आणि तिच्यात कोऱ्या चादरी घातल्या, त्या फक्त त्याच्यासाठी.

खाटेवर बसून त्यांनी चपला काढल्या. पाय दुखत होते. तळवे चटईला टेकले आणि किती बरं वाटलं ते त्यांना आधी जाणवलं, का वाटलं ते नंतर. बाहेर गवतावर दुपारपर्यंत दव होतं. एक नंबरची जमीन बर्फासारखी होती. इथली जमीन ताज्या भाकरीसारखी... नाही, झोपलेल्या माणसाच्या कुशीसारखी कोमट होती.

शेगडी जाऊन इतके दिवस झाले. तरी कोमट?

ह्या विचाराचं शेपूट पकडायला त्या जरा मागं टेकल्या. कपाळात बारीकसं ठणकायला लागलं होतं. प्रवासाचा शीण असेल. खाट चांगली होती. भाऊ म्हणाला होता, तेवढं सांग. सांगते ना रे, दोन मिनिटं पडते आणि सांगते...

दार धाडकन भिंतीवर आदळलं. कुणीतरी त्यांना काखेत धरून, पोतं ओढावं तसं ओसरीवर ओढलं आणि गार फरशीवर सोडलं. अक्का होती. धापा टाकत होती आणि शिव्या देत होती.

"दार कशाला लावलंत? कुणी सांगितलं होतं दार लावायला?"

"लावू नका असंही कुणी सांगितलं नव्हतं," आत्याबाई ओकारी दाबत म्हणाल्या.

"मग मी सांगते! त्या खोलीत बसायचं नाही. थोरले मालक तिथंच गेले, तीन वर्षांमागं. दुपारी जरा पडतो म्हणाले, आणि उठलेच नाहीत. तेव्हापण अशीच पाहणी..."

अक्कानं स्वतःच्या तोंडावर हात दाबला. पण शब्द बाहेर पडून ओसरीवर केव्हाचा बसला होता.

४

पाहणी. दोन्ही वेळा पाहणी होती. थोरले मालक गेले तेव्हा आणि भाचा गेला तेव्हा. आणि आज, आपली मान लुळी पडली तेव्हाही.

आत्याबाई ओसरीच्या पायरीवर बसून ठणकणारं डोकं हातात धरून अंगण बघत राहिल्या. मांजरं हलली नव्हती. भट्टीखान्याच्या भिंतीपासून पहिलं, मग दुसरं, मग तिसरं. शेवटचं थेट बंगल्याच्या जोत्याला पाठ लावून. दोन नंबरच्या खिडकीखाली. त्या उठून बंगल्याच्या मागं गेल्या. तिकडं रांग पुढं चालू होती, कुंपणापलीकडच्या झाडीत दडलेल्या पडक्या धुराड्यापर्यंत. रांगेच्या दोन्ही बाजूंना दव होतं, रांगेखालच्या पट्ट्यात जमीन कोरडी ठाक. मांजराइतकं उबेचं माप कुठल्याच यंत्राला कळत नाही.

त्यांनी तोंड धुतलं आणि मालकाला जाऊन सांगितलं, "माझं काम झालं. निघते. धूर दिसला नाही, तसंच लिहीन."

मालकानं गाडीपर्यंत पोचवलं. तिळभरही आग्रह केला नाही राहण्याचा. गाडी घाटाच्या पहिल्या वळणावर गेली आणि त्यांनी थांबायला सांगितलं. तिथं पंक्चरचं दुकान होतं. दुकानदार कुणाशी तरी भांडत होता, त्याला बाजूला व्हायला सांगून त्या कठड्याशी उभ्या राहिल्या. खाली कारखाना हातावर ठेवल्यासारखा दिसत होता. चिमणी, चिमणीवर कावळा.

ड्रायव्हरची बिडी अर्धी व्हायची होती. कावळा एकाएकी पंख फडफडवत उडाला, जणू बुडाखाली चटका बसला. मग चिमणीनं एक काळा ढेकर दिला. मग दुसरा. मग निवांतपणे, जेवण झालेल्या माणसासारखी, ती धूर सोडू लागली. आत्याबाईंनी फोटो काढला.

पंक्चरवाल्यानं वर पाहिलं आणि पुन्हा ट्यूबकडे पाहिलं.

"रोज निघतो का हो?" आत्याबाईंनी विचारलं.

"काय?"

"धूर."

"कुठला धूर?" तो म्हणाला. त्याचा मेहुणा तिथं बरण्या भरायला होता. गावात ज्याला त्याला तिथं एक मेहुणा होता.

दिवस कलल्यावर त्या नदीच्या बाजूनं पायी परत आल्या. अंगणात एकही मांजर नव्हतं. सगळी भट्टीखान्याच्या भिंतीला चिकटून बसली होती, आणि त्यांच्या जुन्या जागेवर हात ठेवला तेव्हा जमीन निवत चालली होती.

सकाळी फौजदारांच्या जीपआधी त्यांनी चौघांना बंगल्याच्या ओसरीवर बोलावलं. मालक आला तो चिडून. "तुम्ही तर गेला होतात!"

"आत्याबाईला मिशा असत्या, तर तशीच गेले असते," त्या म्हणाल्या.

५

फौजदार आले, टोपी काढून बसले, घड्याळ बघितलं. अक्कानं आपलं गाठोडं आधीच बांधून पायाशी ठेवलं होतं. भट्टीमामा खांबाला टेकून अंगठा बघत होता. वहिनी पायरीवर, सगळ्यांकडे पाठ करून.

"शेगडीपासून सुरू करू," आत्याबाई म्हणाल्या. "लाल निखाऱ्यांची शेगडी प्लास्टिकवर ठेवली आणि फूलही वितळलं नाही. म्हणजे ती मागाहून आणून ठेवली, थंड राखेची. अक्का खोटं बोलते. बाई स्वतःवर खुनाएवढं खोटं घेते ती एकाच कारणानं. पोराकरता. अक्काला पोर नाही. तिनं पोरासारखा वाढवलेला एक आहे."

खांबाकडे कुणी पाहिलं नाही. फार मेहनतीनं पाहिलं नाही.

"आता धूर. तुमची जुनी भट्टी तीन वर्षं थंड आहे म्हणता, पण तिचा गोठलेला दगड एकानं पुरला आणि एकानं विकला. मुकादमाच्या भुवया अजून जळताहेत, आणि विजेची भट्टी भुवया खात नाही. काचेची भट्टी विझवता येत नाही, मामांनीच सांगितलं. मग पाहणीला माणूस आला की काय करायचं? भट्टी झाकता येत नाही. धूर झाकता येतो. चिमणीची झडप पाडायची आणि धूर जमिनीखालच्या जुन्या बोगद्यात सोडायचा, कुंपणापलीकडच्या धुराड्याकडे. बोगदा ह्या बंगल्याखालून जातो. त्याला तडे गेलेत, दोन नंबरच्या खाली. मांजरांना ते माहीत आहे."

"कथा छान आहे," मालक म्हणाला. त्याची साखर जरा विरघळायला लागली होती.

"माझा भाचा न सांगता आला. तुम्ही घाबरलात आणि सवयीनं झडप पाडायला लावलीत. मोजायला आलेल्या माणसापासून धूर लपवला तो नेमका त्याच्या खाटेखाली. तो झोपला. त्यानं खिडकी उघडायचा प्रयत्न केला असणार, तो शहाणा होता." इथं त्यांचा आवाज पहिल्यांदा घसरला. त्यांनी तो उचलून जागेवर ठेवला. "तुम्ही घाईत चूक केलीत, असं म्हणून मी हे सोडून दिलं असतं. पण खिडकी रंगानं बुजवलेली ती खोली तीन वर्षं बंद होती. का बंद होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कुणीतरी तिचं कुलूप काढलं, कोऱ्या चादरी घालायला सांगितल्या, आणि त्याला म्हटलं, ही उबदार आहे."

वहिनी वळली. तिच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं आणि ते बघवत नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला जास्त वेळ लागेल."

"वहिनी, तुमची तब्येत..." मालक उठला.

"भावजी, बसा." ती आत्याबाईंशीच बोलत होती. "माझा नवरा त्या खाटेवर गेला. त्या वायूनं गुलाबी झाला होता, जन्मात कधी नव्हता इतका छान दिसत होता. मी ह्याच फौजदारांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, दुःखानं असं होतं. गावानं महिनाभर मला वेडी म्हटलं, मग विसरलं. इथला माणूस इथल्या धुरानं मेला तर तो कुणाच्या मापात येत नाही, बाई. पलीकडचे विचारतात ते बरणीमागे धूर किती. बरणीमागे माणसं किती, हा रकाना तुमच्या कागदात नाही. म्हटलं, मोजणाऱ्यातलाच एक जाऊ दे. मग मोजायला येतील. आणि आलात. माझा गेला तेव्हा कुणी आलं नाही."

"त्यानं तुमचं काय केलं होतं?"

"काही नाही. चांगला मुलगा. चहा झाल्यावर कप स्वतः विसळून ठेवला त्यानं." वहिनीनं हात मांडीवर सरळ ठेवले. "मी आत जाऊन थोडा वेळ रडले होते. मग किल्ली दिली."

आत्याबाईंना वाटलं, उठून हिच्या कानाखाली वाजवावी. त्यांना हेही वाटलं, की शेजारी जाऊन बसावं. त्यांनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. काही कामं हातांना नेमून दिलेलीच नसतात.

६

फौजदारांनी घसा साफ केला. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट निघाल्यापासून ते टोपीच्या आतलं अस्तर तपासत होते.

"बाई, किल्ली देणं हा गुन्हा नाही. खोली उबदार म्हणणं हाही नाही. धूर आला असेल तर कुठून आला ते हवं. आणि भट्टी तर बंद आहे म्हणतात."

"आज झडप पाडलेली असेल, पण काल मी चिमणी बघितली. फोटो आहे."

"कचरा जाळला," मालक म्हणाला.

"भट्टीखाना उघडा मग."

"छप्पर पडायला आलंय. जबाबदारी कोण घेणार?"

"उघडायचं तर वरून परवानगी लागेल," फौजदार घाईनं म्हणाले. "आणि माझ्याकडे कबुली आहे, सही-अंगठ्यानिशी. कुणी इथं म्हणत असेल, की भट्टी चालू आहे, तर मी लिहून घेतो. म्हणतंय का कुणी?"

वहिनी म्हणाली, "मी एकदा म्हटलं होतं. पुन्हा म्हणणार नाही. वेडीचा शब्द लागत नाही."

मालकानं सगळ्यांवरून नजर फिरवली, हळूहळू, जेवायला बसलेल्यांची पानं मोजावीत तशी. ओसरीच्या खाली एव्हाना पाळीवर निघालेली माणसं थबकली होती. टोपीवाली, बरण्या भरणारी, दोन-चार म्हातारे. धूर नाही असा दाखला, तर बोट. बोट, तर चूल. हे हिशोब त्यांना कुणी शिकवावे लागत नव्हते.

"मामा," आत्याबाई म्हणाल्या. "झडप कोण पाडतं?"

भट्टीमामाचे ओठ हलले. अक्का त्याच्याकडे बघत होती. तिनं काही मागितलं नव्हतं. फक्त बघत होती, लहान मूल पहिल्यांदा एकटं चालताना बघावं तशी. त्यानं आधी मालकाकडे पाहिलं, मग खाली जमलेल्या माणसांकडे, मग परत अंगठ्याकडे.

"भट्टी बंद आहे," तो म्हणाला.

फौजदारांनी टोपी घातली. "चला, अक्का."

अक्का उठली. गाठोडं उचललं. पायरी उतरताना तिचा गुडघा कटकन वाजला आणि दोघातिघांनी पुढं होऊन तिला हात दिला. एकानं गाठोडं जीपमध्ये नेऊन ठेवलं. कुणी म्हणालं, लवकर सुटशील. कुणी म्हणालं, आम्ही आहोत ना. सगळे किती मायेनं वागत होते! आत्याबाईंच्या हातात आता एवढंच होतं, की दाखला द्यायचा नाही. त्यानं बोट अडली असती. ही बाई सुटली नसती, आणि भाऊ जन्मभर मूर्ख मुलाचा बाप राहिला असता.

तेवढ्यात भट्टीमामा खांब सोडून धावत आत गेला आणि बाहेर आला तो हातात जाड तपकिरी स्वेटर घेऊन. जीपच्या फळीवर पाय ठेवलेल्या अक्काच्या खांद्यावर त्यानं तो नीट घातला. वरचं बटण लावलं.

"घालून ठेव, अक्का," तो हळूच म्हणाला. "तिकडं थंडी असते."

अक्कानं त्याच्या जळक्या भुवयांकडे पाहिलं. मग तिनं बटण काढलं, स्वेटर उतरवला, त्याची नीट घडी केली आणि त्याच्या हातात परत दिली. फळीवरचा पाय खाली घेतला. वळून ओसरीवर आली आणि फौजदारांची खुर्ची होती तिच्यासमोर जमिनीवर फतकल मारून बसली.

"लिहा," ती म्हणाली. "भट्टी चालू आहे. आत्ता, ह्या घटकेला चालू आहे. ती कधी विझलीच नव्हती, आणि झडप माझा भाऊ पाडतो."